क्यूमधल्या नोंदी मधूनच गायब होतात: थ्रेड-सेफ क्यूचा परत परत येणारा घोळ आणि त्याचा माग

जावात लिहिलेली एक सेवा डोळ्यांसमोर ठेवू. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळ नोंदी येतात: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर. नोंदी घेणारे थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) त्या एका क्यूत, म्हणजे रांगेत, टाकतात. दुसऱ्या बाजूचे थ्रेड त्या काढून डेटाबेसमध्ये लिहितात आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवतात. दुपारी सगळं सुरळीत चालतं. सकाळच्या गर्दीत मात्र मधूनच कुठल्यातरी केंद्राचा फोन येतो: पावती छापली गेली, पण नोंद कुठेच नाही. कोणीतरी सेवा रीस्टार्ट करतं, सगळं ठीक होतं, आणि विषय तिथेच मिटतो. पुढच्या गर्दीपर्यंत.

हा प्रकार माझ्यासमोर इतक्या वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये आलाय की आता लक्षणं वाचूनच दिशा कळते. दुरुस्तीपेक्षाही मला इथे हे सांगायचंय की एकदा दुरुस्त केलेला हा घोळ परत का येतो. बहुतेक वेळा दुरुस्ती एका ओळीची झालेली असते आणि बिघाड दोन ओळींच्या मधल्या फटीत असतो.

लक्षणं

लॉगमध्ये नोसच-एलिमेंट-एक्सेप्शन ('काढायला काही नाहीच' अशी जावाची तक्रार) दिसतं, तेही अशा ओळीवर जिच्या लगेच वर क्यू रिकामी नाही हे तपासलेलं आहे. किंवा क्यूचा साइझ ३८ दाखवतो, पण पोल केलं (पुढची नोंद काढायला सांगितलं) की हातात नल (म्हणजे काहीच नाही) येतं, आणि कितीही वेळा केलं तरी नलच. किंवा एकच नोंद दोनदा प्रोसेस होते आणि एका शेतकऱ्याला दोन एसएमएस जातात. यातलं काहीही रोज घडत नाही. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर तर कधीच घडत नाही. त्यातून शोधण्यासाठी कोडमध्ये चार ठिकाणी प्रिंट टाकले की बिघाड साफ नाहीसा होतो.

या शेवटच्या गोष्टीने अनेकांची दिशाभूल होते. सिस्टिम-आउटचं प्रिंट-एलएन आतून लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घेतं. म्हणजे प्रिंट टाकून तुम्ही सगळ्या थ्रेडना नकळत एका दारातून जायला लावता, टक्कर टळते, आणि वाटतं की आता ठीक झालं. प्रिंट टाकल्यावर बग जात असेल तर तो रेस कंडिशनचा (कोणता थ्रेड आधी पोचतो यावर निकाल बदलण्याचा) आहे, असं मी जवळपास धरूनच चालतो.

रीस्टार्टने काम भागतंय ना, मग एवढा खल कशाला, असं विचारणाऱ्यांना मी २००३ची आठवण देतो. १४ ऑगस्ट २००३ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग अंधारात गेला. सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. सुरुवात तारांना लागलेल्या झाडांपासून झाली होती. पण ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात अलार्म दाखवणारा प्रोग्रॅम एका रेस कंडिशनमुळे अडकून पडला होता. न हाताळलेल्या घटना साचत गेल्या, सर्व्हर बसला, आणि तासाभराहून जास्त वेळ ऑपरेटरना आपल्यापर्यंत अलार्म पोचतच नाहीत हेच कळलं नाही. प्रोग्रॅम गप्प राहिला म्हणजे काम नीट चाललंय, असा अर्थ निघत नाही.

आत नेमकं काय होतं

समजा क्यू म्हणून साधी लिंक्ड-लिस्ट, म्हणजे पुढच्याचा पत्ता धरून ठेवणाऱ्या नोडची साखळी, वापरली आहे. जावात ती क्यू इंटरफेस पाळते, त्यामुळे पुष्कळ जुन्या कोडमध्ये हीच सापडते. तिचं पोल आत काय करतं ते एकेक पायरी करून पाहा.

पहिल्या नोडचा पत्ता घ्यायचा. त्यातली वस्तू वाचायची. त्याच्या पुढच्या नोडचा पत्ता वाचायचा. मग गार्बेज कलेक्टरचं (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेचं) काम सोपं व्हावं म्हणून जुन्या नोडमधल्या या दोन्ही जागा नल करायच्या. 'पहिला' हा पत्ता पुढच्या नोडवर सरकवायचा. पुढे कोणीच नसेल तर 'शेवटचा' हाही नल करायचा. साइझ एकने कमी करायचा.

आता दोन थ्रेड एकाच वेळी आले. दोघांनीही पहिल्या नोडचा तोच पत्ता घेतला. दोघांनी वस्तूही लागलीच वाचली तर एकच नोंद दोघांच्या हातात जाते. दोनदा गेलेल्या एसएमएसचं उत्तर इथेच मिळतं. पण याहून वाईट शक्यता पुढे आहे. पहिल्या थ्रेडने वस्तू वाचली, पुढचा पत्ता वाचला, जुन्या नोडमधल्या जागा नल केल्या, आणि 'पहिला' सरकवण्याच्या आतच दुसरा थ्रेड त्याच नोडमध्ये वाचायला आला. त्याला वस्तू नल दिसली, पुढचा पत्ताही नल दिसला. त्याच्या हिशेबाने यादी संपली. तो 'पहिला' नल करतो आणि 'शेवटचा'ही नल करतो.

मागे उभ्या असलेल्या सगळ्या नोंदींकडे जाणारा रस्ता इथे तुटला. त्या हीपमध्ये (प्रोग्रॅमच्या मेमरीत) आहेत, पण त्यांचा पत्ता कोणाकडेच नाही. पुढच्या फेरीत गार्बेज कलेक्टर त्या झाडून टाकेल. साइझ मात्र फार तर दोनने कमी झालाय. लिंक्ड-लिस्टचं इझ-एम्प्टी साखळी पाहत नाही, साइझ शून्य आहे का एवढंच पाहतं. म्हणून इझ-एम्प्टी म्हणतं रिकामी नाही, आणि पोल म्हणतं नल.

पहिल्या थ्रेडचं 'पहिला' सरकवणं यानंतर झालं तर वाटतं वाचलो. पण 'शेवटचा' नलच राहिलेला असतो. पुढची नोंद टाकणारा थ्रेड 'शेवटचा' नल पाहतो, यादी रिकामी समजतो आणि 'पहिला' थेट आपल्या नव्या नोडवर ठेवतो. जुन्या नोंदी याही वाटेने गेल्याच. आणि या सगळ्यात एकही एक्सेप्शन येईलच असं नाही. अ‍ॅरे-डेक (साखळीऐवजी सलग खणांत नोंदी ठेवणारा प्रकार) वापरलं तर तपशील बदलतात, पण तिथेही दोन थ्रेडनी एकच सुरुवातीचा क्रमांक वाचला की हीच गत होते.

हे सगळं काही नॅनोसेकंदांच्या फटीत घडतं. दुपारी मिनिटाला चार नोंदी येत असताना दोन थ्रेड त्या फटीत एकदम सापडणं जवळपास अशक्य असतं. सकाळी सगळी केंद्रं एकदम पाठवायला लागली की ते कधी ना कधी होणारच.

रीस्टार्टच्या आधी

सेवा बंद करण्यापूर्वी जे-स्टॅक चालवून थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कुठल्या ओळीवर आहे याची यादी) घ्या, थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा. रीस्टार्ट केलात की पुरावा गेला. डंपमध्ये क्यूतून काढणाऱ्या थ्रेडची नावं शोधा. त्यासाठी थ्रेडना नावं दिलेली असली पाहिजेत, 'थ्रेड-१७' वरून काही कळत नाही. ते सगळे वेटिंगमध्ये असतील आणि क्यू भरलेली असेल, तर जागं करण्यात गडबड आहे. रनेबल (चालू) असतील आणि प्रत्येक डंपमध्ये त्याच दोन-तीन ओळींवर दिसत असतील, तर वर सांगितलेली तुटलेली साखळी. ब्लॉक्ड असतील तर कोणाचं लॉक अडलंय ते डंपच सांगतो. आणि ते थ्रेड डंपमध्ये नसतीलच, तर ते मेलेत. या शेवटच्या शक्यतेकडे फार कमी लोक पाहतात, तिच्यावर पुढे लिहिलंय.

नल तपासून भागत नाही

पहिली दुरुस्ती बहुतेकांची हीच असते: पोलनंतर नल आलं का ते तपासायचं आणि आलं तर फेरी सोडून द्यायची. एक्सेप्शन थांबतं, लॉग स्वच्छ होतो, नोंदी पूर्वीसारख्याच हरवत राहतात. आता तर त्याचा मागमूसही उरत नाही. ही दुरुस्ती कोडमध्ये दिसली तर ती आधी काढा.

लॉक आहे, पण कोणाचं?

दुसरी दुरुस्ती म्हणजे टाकणारी आणि काढणारी मेथड सिंक्रोनाइझ्ड (लॉक घेऊनच चालणारी) करणं. दिशा बरोबर आहे, पण इथे एक सापळा आहे आणि तो मला वारंवार दिसतो. क्यू स्टॅटिक आहे, सगळ्यांची एकच. पाठवणाऱ्या क्लासचे ऑब्जेक्ट मात्र चार बनवलेत, प्रत्येक थ्रेडचा आपापला. सिंक्रोनाइझ्ड मेथड लॉक घेते ते त्या-त्या ऑब्जेक्टचं. म्हणजे चार थ्रेड चार वेगवेगळी लॉकं घेऊन एकाच क्यूत हात घालतात. कोडमध्ये सिंक्रोनाइझ्ड शब्द दिसतोय, रिव्ह्यू करणाऱ्याचं समाधान झालंय, आणि संरक्षण शून्य.

याचाच दुसरा अवतार म्हणजे टाकताना लॉक आहे आणि काढताना नाही. 'वाचायला कशाला लॉक' हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकलाय. एक तर क्यूतून काढणं हे वाचणं नव्हेच, ते बदलणं आहे. आणि नुसतं साइझ वाचायचं असलं तरी लॉकशिवाय वाचणाऱ्या थ्रेडला दुसऱ्याने लिहिलेली ताजी किंमत दिसेलच अशी हमी जावाचं मेमरी मॉडेल (एकाने लिहिलेलं दुसऱ्या थ्रेडला कधी दिसेल याचे नियम) देत नाही. दोघांनी एकच लॉक घेतलं तरच ही हमी मिळते.

म्हणून नियम असा ठेवा: क्यू प्रायव्हेट आणि फायनल, तिच्यासोबत एक प्रायव्हेट फायनल लॉक, दोन्ही एकाच क्लासमध्ये. क्यूचा संदर्भ त्या क्लासच्या बाहेर कधी द्यायचा नाही, अगदी मॉनिटरिंगच्या पानावर दाखवायलासुद्धा नाही. तिथे साइझचा आकडा द्या, क्यू देऊ नका.

थ्रेड-सेफ क्लास वापरला, तरी परत आलं

मग कोणीतरी सुचवतं की कन्करंट-लिंक्ड-क्यू हा थ्रेड-सेफ, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरला तरी न बिघडणारा, क्लास वापरा. हा क्लास चांगला आहे. मॅगेड मायकल आणि मायकल स्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या लॉकविरहित पद्धतीवर तो बेतलेला आहे, त्याची साखळी तुटत नाही. पण आपला कोड जर असा असेल:

इफ (!क्यू.इझएम्प्टी()) {
  नोंद = क्यू.रिमूव्ह();
}

तर नोसच-एलिमेंट-एक्सेप्शन येतच राहणार. इझ-एम्प्टी सुरक्षित आहे, रिमूव्हही सुरक्षित आहे, पण दोन्हींच्या मधल्या क्षणी दुसरा थ्रेड शेवटची नोंद उचलून नेऊ शकतो. तपासणं आणि त्यावरून कृती करणं हा एकच निर्णय आहे आणि तो मधून कापला जाता कामा नये. लॉक ओळीभोवती घालायचं नसतं, निर्णयाभोवती घालायचं असतं. इथे लॉकचीही गरज नाही: थेट पोल करा आणि नल आलं तर रिकामी समजा. आता ती नल-तपासणी योग्य ठरते, कारण या क्लासमध्ये नल म्हणजे खरोखर रिकामी.

हीच गोष्ट सिंक्रोनाइझ्ड-लिस्टची. प्रत्येक मेथड लॉक घेते आणि सोडते, मधली फट उघडीच राहते. पायथनमध्येही क्यू रिकामी नाही हे पाहून गेट केलं आणि मधल्यामध्ये दुसऱ्याने नोंद नेली, तर तुमचा थ्रेड नव्या नोंदीची वाट बघत तिथेच बसतो. सी++ मध्ये तर एसटीडी-क्यूचं पॉप काही परतच देत नाही; आधी फ्रंटने वाचायचं आणि मग पॉपने काढायचं, ही फट रचनेतच आहे, म्हणून तिथे रिकामी का, फ्रंट आणि पॉप ही तिन्ही कामं एकाच म्यूटेक्सखाली (लॉकखाली) ठेवावी लागतात.

कन्करंट-लिंक्ड-क्यूची आणखी एक अडचण म्हणजे ती थांबून राहत नाही. रिकामी असली की लगेच नल देते, मग काढणारा थ्रेड गोल गोल फिरत राहतो आणि रात्री दोन वाजता एकही नोंद नसताना सीपीयू १०० टक्क्यांवर असतो. त्यात स्लीप घातलं तर सीपीयू शांत होतो, पण प्रत्येक नोंदीला विनाकारण उशीर. शिवाय हिचा साइझ मागितला की ती पूर्ण साखळी मोजत जाते. लॉगमध्ये दर नोंदीला साइझ छापणारा कोड मी पाहिलाय. क्यू लांबली की तोच कोड सेवेला खाली ओढतो.

वेट आणि नोटिफाय

थांबून राहण्यासाठी मग वेट-नोटिफाय येतं: वेट थ्रेडला झोपवतं, नोटिफाय झोपलेल्याला उठवतं. जुन्या कोडमध्ये हे सापडेलच, म्हणून ते नीट वाचता आलं पाहिजे. बरोबर रूप असं:

सिंक्रोनाइझ्ड (लॉक) {
  व्हाइल (क्यू.इझएम्प्टी()) {
    लॉक.वेट();
  }
  नोंद = क्यू.पोल();
}

यातल्या व्हाइलच्या जागी इफ असेल तर तिथेच थांबा, बिघाड सापडला. टोनी होअर यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या मॉनिटरमध्ये (लॉक आणि वाट पाहणं एकत्र बांधणाऱ्या रचनेत) जागं केलेला थ्रेड लगेच आत येतो, मधे कोणी घुसत नाही. तिथे इफ पुरलं असतं. पण १९८० मध्ये बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी मेसा भाषेतल्या अनुभवावर लिहिलं त्यात जागं करणं ही निव्वळ सूचना होती, आश्वासन नव्हे. जावाने हीच रीत उचलली. नोटिफाय झाल्यावर झोपलेला थ्रेड उठतो, पण त्याला लॉक परत मिळेपर्यंत तिसराच थ्रेड येऊन नोंद घेऊन जाऊ शकतो. शिवाय कोणी नोटिफाय न करताही वेटमधून थ्रेड बाहेर येऊ शकतो, हे जावाच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय. म्हणून उठल्यावर परत तपासायचं, आणि व्हाइल तेच करतं.

दुसरी चूक नोटिफाय आणि (सगळ्या झोपलेल्यांना उठवणारं) नोटिफाय-ऑल यांची. क्यूला मर्यादा असेल तर टाकणारे 'जागा होईपर्यंत' झोपतात आणि काढणारे 'नोंद येईपर्यंत', आणि दोघंही एकाच लॉकच्या वेटमध्ये. नोटिफाय त्यातल्या कोणाही एकाला उठवतं. एका काढणाऱ्याने नोंद काढून नोटिफाय केलं आणि उठला दुसरा काढणाराच, तर तो रिकामी क्यू पाहून परत झोपतो. ती सूचना वाया गेली, टाकणाऱ्यांपैकी कोणी उठलंच नाही, आणि सगळी सेवा चिडीचूप. लॉगमध्ये काही नाही, सीपीयू शून्य. डंप घेतला तर सगळे वेटिंग. अशा वेळी नोटिफाय-ऑल वापरा, किंवा रीएन्ट्रंट-लॉक घेऊन त्यावर 'भरलेली नाही' आणि 'रिकामी नाही' अशा दोन वेगळ्या कंडिशन ठेवा.

इतकं वाचल्यावर मनात येईल की हे सगळं आपण हाताने का लिहायचं. लिहूच नये, असं माझं मत आहे. २००४ मध्ये जावा ५ सोबत जावा-युटिल-कन्करंट आलं; डग ली यांच्या पुढाकाराने झालेलं ते काम आहे. त्यातली ब्लॉकिंग-क्यू नेमकं हेच करते. नवा कोड तिच्यावरच लिहा. पुटने टाका, टेकने काढा. टाकणाऱ्याने पुटच्या आधी जे काही लिहिलं ते टेकनंतर काढणाऱ्याला दिसेल, ही हमीही तीच देते.

ब्लॉकिंग-क्यू आली, आता हीप भरतोय

लिंक्ड-ब्लॉकिंग-क्यू आकडा न देता बनवली तर तिची मर्यादा इंटीजरची कमाल किंमत असते, २१४ कोटींच्या वर. म्हणजे मर्यादा नाहीच. डेटाबेस पाच मिनिटं मंदावला की नोंदी साचत जातात आणि आउट-ऑफ-मेमरी येऊन सगळ्याच जातात. एक्झिक्युटर्समधून फिक्स्ड थ्रेड पूल (कामं वाटून घेणाऱ्या ठरावीक थ्रेडचा ताफा) घेतला तर त्याच्या पोटातही हीच अमर्याद क्यू आहे, आणि तीच वापरून थ्रेड-पूल-एक्झिक्युटर स्वतः बनवलात तर कमाल थ्रेडचा आकडा कितीही द्या, उपयोग नाही. पूल कोअरपेक्षा (नेहमीसाठी ठरवलेल्या संख्येपेक्षा) जास्त थ्रेड तेव्हाच बनवतो जेव्हा क्यू भरते, आणि ही क्यू भरतच नाही.

अ‍ॅरे-ब्लॉकिंग-क्यूला आकडा द्यावाच लागतो, मला ती त्यासाठीच आवडते. आकडा किती? एका नोंदीला हीपमध्ये किती जागा लागते आणि डेटाबेस किती वेळ बंद राहिला तरी आपण तग धरायचाय, यावरून ठरवा. मग क्यू भरल्यावर काय करायचं तेही ठरवा, कारण चार वाटा आहेत आणि त्यांची वागणूक वेगळी आहे. अ‍ॅड एक्सेप्शन टाकतं. ऑफर फॉल्स परत देतं. पुट जागा होईपर्यंत थांबतं. वेळ दिलेलं ऑफर तेवढा वेळ थांबून मग फॉल्स देतं. ऑफर वापरून त्याचं उत्तर न पाहणारा कोड म्हणजे नोंद गुपचूप फेकून देणारा कोड. शोधायची पहिली जागा ती. दुधाच्या नोंदीसारखी नोंद कधीच टाकून द्यायची नाही, तिथे वेळ दिलेलं ऑफर वापरा आणि फॉल्स आलं तर केंद्राला 'पोचली नाही, परत पाठवा' असं साफ सांगा.

मेलेले थ्रेड

एखाद्या नोंदीत फॅटच्या जागी मोकळी जागा आली. काढणाऱ्या थ्रेडने ती आकड्यात बदलायचा प्रयत्न केला, नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन आलं, ते कोणी पकडलं नाही, आणि थ्रेड संपला. उरले तीन. काही दिवसांनी अशीच दुसरी नोंद, उरले दोन. सेवा हळूहळू मंदावते आणि सगळे डेटाबेसला दोष देतात. शेवटचा थ्रेड गेला की क्यू फक्त भरत राहते. टेक करत राहणारी बाहेरची फेरी चालू ठेवून आतलं एका नोंदीचं काम ट्राय-कॅचमध्ये (एक्सेप्शन पकडणाऱ्या चौकटीत) बंद करा, आणि बिघडलेली नोंद बाजूला वेगळ्या टेबलात लिहा. एक्झिक्युटरला सबमिटने काम दिलं असेल तर आणखी सांभाळा: एक्सेप्शन फ्यूचरमध्ये (नंतर मिळणारा निकाल ठेवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) जाऊन बसतं, आणि फ्यूचरवर कोणी गेट केलं नाही तर ते कोणालाच दिसत नाही.

एक एक्सेप्शन मात्र असं गिळायचं नाही: इंटरप्टेड-एक्सेप्शन. ते टेकमधून येतं आणि त्याचा अर्थ 'थांब' असा असतो. रिकाम्या कॅचमध्ये ते विरलं की सेवा बंद करताना थ्रेड बंदच होत नाही, आणि मग कोणीतरी किल मायनस नाइन (प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करणारी आज्ञा) मारतं.

क्यू बरोबर, नोंद बदललेली

आता तो प्रकार ज्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलंय. एका शेतकऱ्याला दुसऱ्याचं फॅट एसएमएसने गेलं. क्यू ब्लॉकिंग होती, मर्यादा होती, सगळं नियमाने. दोष असा की टाकणारा थ्रेड नोंदीचा एकच ऑब्जेक्ट बनवून त्यातच नवे आकडे भरत होता आणि तोच परत परत पुट करत होता. क्यूत प्रती जात नाहीत, पत्ते जातात. काढणाऱ्याने सभासद क्रमांक वाचला, तेवढ्यात टाकणाऱ्याने पुढच्या माणसाचं फॅट त्याच ऑब्जेक्टवर लिहिलं. फॅटवर दर ठरतो, दरावर पैसे. क्यूत एकदा टाकलेल्या वस्तूला टाकणाऱ्याने परत हात लावायचा नाही. सगळे फील्ड फायनल करा, म्हणजे हात लावणं शक्यच राहणार नाही. जावा १६ पासून रेकॉर्ड आहेत, ते या कामाला अगदी योग्य.

याच जातीचा एक जुना चोर म्हणजे सगळ्या थ्रेडमध्ये वाटून घेतलेला सिंपल-डेट-फॉरमॅट. तो थ्रेड-सेफ नाही. एसएमएसवर भलतीच तारीख आली की क्यूत शोधू नका, आधी तिथे बघा. जावा ८ मधला डेट-टाइम-फॉरमॅटर घ्या, तो सुरक्षित आहे.

बंद करताना

सेवा थांबवताना आधी टाकणारे बंद करा, ते पूर्ण थांबल्याची खात्री करा, आणि मग प्रत्येक काढणाऱ्यासाठी एक अशा 'संपलं' या अर्थाच्या खुणेच्या नोंदी क्यूत टाका. ज्याला खूण मिळेल तो थांबेल. चार थ्रेडना एकच खूण टाकली तर एक थांबतो आणि तिघं टेकमध्ये बसून राहतात. नल ही खूण म्हणून चालत नाही. ब्लॉकिंग-क्यू नल घेतच नाही.

वीज गेली तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, मेमरीतली क्यू मेमरीसोबत जाते. ज्या नोंदीवर कोणाचा पैसा आहे ती आधी डेटाबेसमध्ये लिहा, मगच केंद्राला 'मिळाली' सांगा, आणि क्यूत फक्त तिचा क्रमांक फिरवा. पोस्टग्रेस ९.५ पासून आणि मायएसक्यूएल ८ पासून 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' आहे; त्याने अनेक थ्रेड, अगदी वेगवेगळ्या सर्व्हरवरचेही, एकमेकांची ओळ न उचलता टेबलातून काम घेऊ शकतात.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

एक आठवडा तक्रार आली नाही, हा पुरावा नाही. चाचणी लिहा. दहा टाकणारे थ्रेड, दहा काढणारे, प्रत्येक टाकणाऱ्याने एक लाख वेगवेगळे क्रमांक टाकायचे. सगळे काउंट-डाउन-लॅचवर (इशारा मिळेपर्यंत थ्रेड अडवणाऱ्या फाटकावर) उभे करून एकदम सोडा, म्हणजे पहिल्या क्षणापासून टक्कर होईल. काढणाऱ्यांनी आपापल्या स्वतंत्र यादीत क्रमांक ठेवायचे. सगळ्यांची एकच यादी केली तर चाचणीतच तो घोळ येईल. शेवटी सगळ्या याद्या एकत्र करून तीन गोष्टी पाहा: एकूण दहा लाख भरले का, कुठला क्रमांक दोनदा आला का, कुठला राहिला का. चाचणीत प्रिंट नको, कारण वर सांगितलंय. क्यूची मर्यादा मुद्दाम १ किंवा २ ठेवूनही चालवा. नोटिफायची चूक छोट्या क्यूत पटकन उघडी पडते. आधी जुन्या, बिघडलेल्या कोडवर चाचणी नापास होते हे पाहून घ्या. ती तिथेही पास होत असेल तर ती काहीच तपासत नाही.

शक्य असेल तर एआरएम प्रोसेसरच्या मशीनवरही चालवा. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर मेमरीतल्या लेखनाचा क्रम बराच कडक पाळतात, एआरएम तितका पाळत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं निवांत चाललेला कोड क्लाउडवर एआरएम सर्व्हरवर नेल्यावर एकाएकी नोंदी हरवायला लागतो. सी, सी++ किंवा गो असेल तर थ्रेड-सॅनिटायझर किंवा गोचा रेस डिटेक्टर लावून हीच चाचणी चालवा. प्रोग्रॅम कित्येक पट हळू चालतो, पण कुठल्या दोन ओळी भिडल्या हे नावानिशी सांगतो. जावात ही सोय इतकी आयती नाही, तिथे बेरजेवरच भिस्त. बेरीज जुळली नाही तर पहिल्यांदा टाकणाऱ्या आणि काढणाऱ्या दोन्ही जागी लॉकच्या ऑब्जेक्टचा आयडेंटिटी हॅश-कोड (ऑब्जेक्टची ओळख सांगणारा आकडा) एका व्हेरिएबलमध्ये ठेवून चाचणी संपल्यावर पडताळा. दोन वेगळे आकडे दिसले तर बाकी काहीच तपासायची गरज नाही.